दोन तोंडांची वायर

माझ्या नावाचा विजेचा मीटर आयुष्यात कधीच नव्हता. नर्स म्हणून बुलढाणा जिल्ह्यात जेवढी नोकरी केली ती सगळी क्वार्टरमध्ये राहून. बदली झाली की ट्रंक, गादी आणि भांड्यांचं पोतं टेम्पोत टाकायचं आणि पुढच्या गावच्या क्वार्टरचं कुलूप उघडायचं. भिंतीवर आधीच्या बाईनं ठोकलेले खिळे असायचे, त्यांच्यावरच मी माझं कॅलेंडर लावायची. लग्न झालं नाही. त्यामागे मोठी गोष्ट नाही. आधी भावंडांची शिक्षणं होती, मग आईचं आजारपण आलं, आणि ते संपेपर्यंत लोकांनी विचारायचंच सोडून दिलं होतं.

निवृत्त झाल्यावर बुलढाण्यात धाकट्या भावाच्या घरी वरच्या मजल्यावरची खोली मिळाली. भाऊ चांगला, वहिनीही चांगली. पण संध्याकाळी खालून टीव्हीचा आणि हसण्याचा आवाज यायचा, आणि जिना उतरायला मला काहीतरी निमित्त लागायचं. डब्यात साखर असताना मी वाटी घेऊन साखर मागायला गेलेली आहे. वहिनी वाटी भरून द्यायची आणि आणखी काही हवं का विचारायची. त्यानंतर तिथं उभं राहायला कारण उरायचं नाही.

गाडी चालवायला मी पन्नाशी उलटल्यावर शिकले होते. आडवेळी बाळंतपणाचा निरोप आला की कुणाच्या तरी जीपची वाट बघत बसावं लागायचं, त्याचा कंटाळा आला म्हणून. खामगावात एका शाळेची जुनी मिनीबस विकायला निघाल्याचं कळलं तेव्हा मी नुसती बघायला म्हणून गेले आणि ती घेऊनच आले. तिथल्या एका गॅरेजवाल्यानं आतली बाकं काढून एका बाजूला दिवाण, दुसऱ्या बाजूला ओटा, पाण्याची टाकी, छोटा फ्रिज आणि पंखा असं सगळं बसवून दिलं. भावाला ते आवडलं नाही. लोक काय म्हणतील, असं तो म्हणाला. लोकांना मी वरच्या खोलीत राहते हेसुद्धा ठाऊक नाही, असं माझ्या मनात आलं.

ज्या गावांत नोकरी केली त्या गावांना पुन्हा जायचं, चार-आठ दिवस राहायचं, एवढाच बेत होता. जागा कुणीही देतं. प्रश्न असतो तो विजेचा. बसमध्ये दिवाणाखाली मोठ्या बॅटऱ्या होत्या आणि त्यांच्या शेजारी इन्व्हर्टर. हा घरच्या इन्व्हर्टरसारखा आपला आपण चालू-बंद होणारा नव्हता. बॅटरीची वीज घेऊन तिची घरच्यासारखी वीज करून देणारा तो एक साधा डबा होता. मुक्कामाच्या ठिकाणी कुणाच्या तरी घरून लांब केबल ओढायची, ती बसच्या अंगावरच्या प्लगला जोडायची, की आतले सगळे पॉइंट त्या घरच्या लाइनवर चालायचे आणि चार्जर बॅटरीही भरायचा. लाइन गेली की मग इन्व्हर्टर. त्यासाठी गॅरेजवाल्यानं मला हातभर वायर दिली होती, तिच्या दोन्ही टोकांना पिना होत्या. एक टोक इन्व्हर्टरमध्ये घालायचं आणि दुसरं बसमधल्याच एका सॉकेटमध्ये खोचायचं. त्या सॉकेटमधून वीज उलटी आत शिरायची आणि सगळ्या बसला मिळायची.

त्यानं एकच गोष्ट बजावून सांगितली होती. ही वायर लावायच्या आधी बाहेरची केबल काढायची, दोन्ही एका टायमाले नको. मी ते पाळत आले. नर्सला असे नियम पाळायची सवय असते. लाइन गेली की मी खाली उतरायची, घरमालकाच्या बोर्डातून केबलची पिन काढायची आणि मगच आत येऊन ती दोन तोंडांची वायर लावायची. घाई असली तरी हा क्रम मी मोडला नाही.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला राजूर घाट उतरून मोताळ्याच्या बाजूनं मी वडनेर भोलजीला आले. नोकरीची पहिली वर्षं मी त्या भागात काढली होती. हायवेपासून आत, गल्लीच्या शेवटी, एका मावशीचं घर होतं. पुढं मोठं अंगण, अंगणात कडुनिंब, कोपऱ्यात न्हाणी. तिचा एकुलता मुलगा माझ्याच हातावर जन्मलेला. तो आता पुण्याला नोकरीत. नवरा गेल्याला बरीच वर्षं झालेली. वावर बटाईनं कसायला दिलेलं. घरात ती एकटी.

मला बघून तिनं कपाळावर आडवा हात धरला, आणि ओळख पटल्यावर म्हणाली, "नर्सबाई, तू तं म्हातारी झाली वं."

बस अंगणात लागली. ओसरीतल्या बोर्डात माझ्या केबलची पिन बसली. युनिटचा हिशेब करू, असं मी म्हटलं तर तिनं मला गप्प केलं. पहिल्या सकाळी मी दार उघडलं तर बसच्या पायरीपुढेसुद्धा सडा टाकलेला आणि त्यावर छोटीशी रांगोळी होती. माझ्या दारापुढे कुणी रांगोळी काढल्याचं मला आठवत नव्हतं. क्वार्टरपुढे मीच काढायची, तीही दिवाळीला.

आम्ही दोघी फार बोलत नव्हतो. एकटं राहणाऱ्या माणसांना वाटतं, कुणी भेटलं की आपण खूप बोलू. तसं होत नाही. बोलायचा सराव गेलेला असतो. ती ओसरीत बसून तूर निवडायची, मी बसच्या दारात बसून काहीतरी शिवायची. दुपारी तिच्या घरातून बोलण्याचा आवाज यायचा म्हणून मी एकदा डोकावले, तर ती टीव्हीतल्या बाईला समजावून सांगत होती की नवऱ्यावर एवढा विश्वास ठेवू नको. मी पाय न वाजवता परत आले. दिवे लागले की ती ओसरीतून हाक मारायची, "जेवली का वं?" मी जेवलेली नसले तरी हो म्हणायची. नाही म्हटलं असतं तर ती भाकर घेऊन आली असती, हे मला माहीत होतं. पण ते एवढं विचारणंच मला पुष्कळ वाटायचं, त्यापुढे काही घ्यायला संकोच व्हायचा.

चार-आठ दिवसांचा मुक्काम लांबतच गेला, आणि वैशाखातल्या एका संध्याकाळी वादळ आलं. पाण्याचा थेंब नाही, नुसती माती. हायवेकडून मळकट भिंतच चालत यावी तसं ते आलं आणि गल्लीत शिरलं. मी खिडक्या ओढून घेतल्या. बस चाकांवर हलत होती. बाहेर काहीतरी मोठं मोडल्याचा आवाज झाला आणि त्याच वेळी पंखा थांबला. लाइन गेली.

वारा ओसरल्यावर मी खाली उतरले. मावशीनं आतून कडी लावून घेतलेली होती. ओसरीतल्या बोर्डातून मी केबलची पिन काढली, कठड्यावर ठेवली आणि आत आले. मग ती दोन तोंडांची वायर लावली आणि इन्व्हर्टरचं बटण दाबलं. दिवा लागला, पंखा फिरला. दिवाणावर, ताटांवर, उशीवर सगळीकडे माती बसली होती. मी फडकं घेऊन पुसायला लागले.

थोड्या वेळानं इन्व्हर्टरची घरघर जड झाली. माझ्या डोक्यावरचा दिवा किंचित मंद झाला. फ्रिज चालू झाला असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात बाहेरून मावशीचा आवाज आला, लाइन आली वं बाई, म्हणून. मी खिडकी सरकवली. ओसरीतला बल्ब लागलेला होता. मलाही वाटलं, आली लाइन, आणि मी वायर काढायला वाकणार होते. पण ओसरीच्या पलीकडे नजर गेली. समोरची घरं काळीशार होती. पिठाची गिरणी अंधारात होती. देवळावरचा दिवा नव्हता, रस्त्यावरचा नव्हता. साऱ्या गल्लीत एकट्या मावशीच्या घरात उजेड होता.

मग मला कठडा दिसला. मी ठेवलेली पिन तिथं नव्हती. ती परत बोर्डात बसलेली होती. वाऱ्यानं उपसून आली असेल असं समजून मावशीनं ती लावून दिली होती. माझ्या घरात अंधार राहू नये म्हणून.

म्हणजे तिच्या घरातला उजेड माझ्या दिवाणाखालून चालला होता. एवढं समजेपर्यंत मावशी ओसरी उतरून अंगणात गेली होती. कडुनिंबाची मोठी फांदी पडलेली होती आणि तिच्या ओझ्यानं खांबावरून घरात येणाऱ्या दोन तारांतली एक खांबाजवळ तुटून खाली आली होती. तारेचं टोक न्हाणीपाशी ओल्या मातीत पडलं होतं. तुटलेली तार मेलेली, असंच कुणीही धरून चालेल. मावशीला त्या वाटेनं जायचं होतं, म्हणून ती तार बाजूला करायला ती वाकत होती. पण त्या तारेचं दुसरं टोक घरात होतं, घर माझ्या केबलला जोडलेलं होतं, आणि केबल माझ्या इन्व्हर्टरला.

"मावशी, हात लावू नका!"

एवढं ओरडून मी खिडकीपासून मागे वळले आणि दिवाणाखाली हात घालून बटण दाबलं. बसमध्ये अंधार झाला, ओसरीत अंधार झाला. पंख्याची पाती फिरत फिरत थांबली. बाहेरून काहीच ऐकू येईना. तिनं आधी तार धरली की मी आधी बटण दाबलं, हे मला कळत नव्हतं. आयुष्यात मी पुष्कळ माणसांच्या श्वासाकडे कान लावून बसलेली आहे. त्या वेळी मला माझाच श्वास तेवढा ऐकू येत होता.

"मावशी?"

"हाव," अंधारातून आवाज आला. "काऊन वं? लाइट काऊन घालवली?"

मी मोबाइलचा उजेड घेऊन खाली उतरले. ती न्हाणीपाशी तशीच वाकून उभी होती, तारेपासून हातभर लांब. मी तिला दंडाला धरून फांदीवर बसवलं. तिचे दोन्ही तळहात उलटेपालटे करून बघितले. मग काही कारण नसताना तिची नाडी धरली. तिची नाडी संथ चालली होती. माझी तशी नव्हती.

मी ओसरीतली पिन काढली आणि मग तिला सगळं सांगितलं. दोन वेळा सांगावं लागलं. तिनं तारेकडे बघितलं, बसकडे बघितलं.

"म्हंजे मह्या घरात तुह्या गाडीतली लाइट आली होती?"

"हो."

"सारं गाव अंधारात, अन् तुह्या-मह्याच घरात उजेड," ती म्हणाली आणि हसली. आपण कशातून वाचलो यापेक्षा तिला याचंच नवल वाटत होतं. मला हसू आलं नाही. माझ्या हातात ती केबलची पिन होती आणि तिच्याकडे बघताना मला आणखी एक गोष्ट समजत होती. मी केबल घराच्या बाजूनं काढली होती, पण तिचं दुसरं टोक बसलाच जोडलेलं होतं. म्हणजे इन्व्हर्टर चालू केल्यापासून त्या कठड्यावर पडलेल्या उघड्या पिनांत वीज होती. मावशीनं त्याच पिना उचलून बोर्डात खोचल्या होत्या. सांधेदुखीनं तिची बोटं वाकडी झालेली, कुठलीही वस्तू ती चिमटीत न धरता अख्ख्या मुठीत धरायची. तिनं पिनेचं मागचं जाड बूड मुठीत धरलं, म्हणून पितळेला बोट लागलं नाही. गॅरेजवाल्याचा नियम मी इमानानं पाळला होता, पण तो नियमच अर्धा होता.

त्या संध्याकाळी मी इन्व्हर्टर पुन्हा लावला नाही. मावशीनं कंदील काढला. आम्ही ओसरीत बसून भाकर, ठेचा आणि कांदा खाल्ला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच एका ताटात जेवलो.

सकाळी लाइनमन आला. त्यानं तारेला हात लावायच्या आधीच मी त्याला गाठून काय घडलं ते सांगितलं. त्यानं खांद्यावरची शिडी खाली ठेवली. मग म्हणाला, की बरं झालं बाई सांगितलं. मागे एकदा त्याच्या बरोबरीचा एक जण डीपीवरून लाइन बंद करून खांबावर चढला होता, आणि कुण्या घरातल्या जनरेटरची वीज उलटी तारेत आली. तो माणूस खाली आला तो गेलेलाच. लाइनमननं हे अगदी साध्या आवाजात सांगितलं आणि कामाला लागला. मी त्याच्याकडून पक्कड मागून घेतली, बसमधली ती वायर आणली आणि त्याच्या पुढ्यातच मधोमध कापली. मग मनाचं समाधान होईना म्हणून दोन्ही टोकांच्या पिनाही तोडून टाकल्या.

गल्लीतल्या कुणीतरी पुण्याला फोन केला असावा. दुपारी मुलाचा फोन माझ्याच मोबाइलवर आला. फार अदबीनं बोलला तो. "सिस्टर, राग मानू नका, पण आई तिथं एकटी असते. मला इथं झोप लागणार नाही," असं म्हणाला. तुझं बरोबर आहे, असं मी त्याला सांगितलं, आणि ते मनापासून सांगितलं. त्याच्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरी फोन ठेवल्यावर मला तो पहिल्यांदा रडला तेव्हाचा आवाज आठवला, आणि का कुणास ठाऊक, फार परकं वाटलं.

मी आवराआवर केली. मावशी केबल गुंडाळायला आली. मी एका टोकाकडून गुंडाळत गेले, ती दुसरं टोक धरून हळूहळू माझ्याकडे चालत आली. शेवटी ते टोक माझ्या हातात देऊन ती घरात गेली आणि मी निघेपर्यंत बाहेर आली नाही.

बुलढाण्यात गावाबाहेर एका इलेक्ट्रिशियनकडे मी बस लावली. त्याच्या शेडमागेच माझा मुक्काम. त्यानं आधीची सगळी जोडणी उचकटून काढली. बाहेरची लाइन आणि इन्व्हर्टर यांच्या मधोमध त्यानं चेंजओव्हर स्विच बसवला. मूठ एका बाजूला फिरवली की बाहेरची लाइन, दुसऱ्या बाजूला फिरवली की इन्व्हर्टर, मध्ये ठेवली तर काहीच नाही. दोन्ही एका वेळी जोडले जाणं आता शक्यच नव्हतं, माझं लक्ष असो वा नसो, दुसऱ्या कुणी केबल लावो वा काढो. चार्जर त्यानं फक्त बाहेरच्या लाइनवर ठेवला, नाहीतर तो बॅटरीचीच वीज घेऊन बॅटरी भरत बसतो आणि बॅटरी उगीच संपते. बसच्या पत्र्याला अर्थिंग जोडलं, झटका बसायच्या आत लाइन तोडणारा आरसीसीबी बसवला आणि त्याचं तपासणीचं बटण अधूनमधून दाबत जा असं सांगितलं. ज्या घरून लाइन घ्याल तिथल्या बोर्डाला अर्थिंग आहे की नाही ते आधी बघायचं, केबल जोडताना आधी बसला आणि मग घराला, काढताना आधी घरची मग बसची, वेटोळं करून ठेवलेली केबल तापते म्हणून ती पूर्ण उलगडायची, इन्व्हर्टरवर चादरी ठेवायच्या नाहीत. हे सगळं मी शिकून घेतलं. शिकायला मला आवडतं. तेवढे दिवस कुणाशी तरी बोलणं होतं.

मग देऊळघाटला एका शेतकरी जोडप्याच्या मळ्यात राहिले. विहिरीजवळच्या मोटारखोलीतून लाइन मिळाली. अर्थिंग चांगलं होतं, जागा मोकळी होती, वारा छान होता. नवरा-बायको दिवसभर मळ्यात असायची, दिवस मावळायला लागला की गाडीवर बसून गावात जायची. त्यानंतर माझ्याशिवाय तिथं कुणी नसायचं. बसमध्ये सगळं ठीक चालायचं. लाइन गेली की मी मूठ फिरवायची आणि पंखा पुन्हा सुरू व्हायचा. खाली उतरावं लागत नव्हतं, कुणाच्या ओसरीत जावं लागत नव्हतं, कुणाची कडी वाजवावी लागत नव्हती. एकदा दिवे लागायच्या वेळी मी ओट्यापाशी उभी राहून मोठ्यानं "हो, जेवले" असं म्हणाले. कुणी विचारलेलं नव्हतं. स्वतःचा आवाज ऐकून मी दचकले, आणि मग गॅस बंद केला.

दिवाळीनंतर मावशीचा फोन आला. मुलगा तिला कायमची पुण्याला न्यायला येणार होता. घर भाड्यानं द्यायचं ठरलं होतं. हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणाली, "त्याच्या आधी मले एक डाव माहेरले घेऊन चाल. तुह्या गाडीत."

माहेर पूर्णेच्या काठचं एक गाव. भाऊ वारल्यानंतर ती तिकडे गेलेली नव्हती. मी वडनेरला जाऊन तिला घेतलं. ती नवं लुगडं नेसून, पिशवीत नारळ घेऊन ओसरीत बसलेली होती. पुढच्या सीटवर तिला बसवलं तर ती दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून बसली आणि गाव येईपर्यंत तिनं तो सोडला नाही.

गावात तिला कुणी ओळखलं नाही. भावाचं घर पुतण्यांनी विकून टाकलं होतं आणि ते सुरतेला गेले होते. त्या जागेवर दुसऱ्या लोकांचं सिमेंटचं घर उभं होतं. माणसं भली होती. त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा दिला. मावशीनं आपलं माहेरचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, भावाचं सांगितलं. घरातली सून मान हलवत राहिली. नारळ कुणाला द्यायचा हे तिला कळेना. शेवटी तिनं तो त्या सुनेच्याच ओटीत घातला. सून वाकून तिच्या पाया पडली, तशी मावशी भिंतीकडे तोंड करून डोळे पुसायला लागली.

परत निघायच्या ऐवजी ती म्हणाली, नदीवर चाल. काठाशी मोकळं रान बघून मी बस लावली. तिथं ना घर ना खांब. उन्हं उतरली होती. मी खिचडी टाकली. आत अंधारून आलं तेव्हा मी दिवा लावायला उठले, तर मावशीनं विचारलं की मी फिरवू का. मी तिला मूठ दाखवली. तिनं ती अख्ख्या पंजात धरून फिरवली. दिवा लागला. तिनं वर बघितलं, मग खिडकीतून बाहेरच्या काळोखाकडे बघितलं.

"आता कोणाले झटका बसन का?"

"नाही," मी म्हटलं. "आता ही लाइट बसच्या बाहेर जात नाही."

तिनं मान हलवली. खिचडी खाताना तिनं नदीतलं पोहणं सांगितलं, भावानं तिला एकदा डोहात ढकललं होतं ते सांगितलं, लग्नाच्या वेळी बैलगाडी नदीतूनच उतरवली होती ते सांगितलं. इतकं बोलताना मी तिला पाहिलं नव्हतं. झोपायला मी तिला दिवाण दिला आणि खाली सतरंजी टाकली. सकाळी तिला वडनेरला सोडलं. मुलगा आलेला होता. माझ्या पाया पडला, चहा घेऊन जा म्हणाला. आत सामान बांधलेलं दिसत होतं. मी थांबले नाही.

आता ती पुण्याला असते, कुठल्याशा उंच बिल्डिंगमध्ये. अधूनमधून तिचा फोन येतो. तठी लाइन जातच नाही वं, असं तिनं पहिल्यांदा सांगितलं, मग पाणी चोवीस तास आहे, सून चांगली आहे, नातवाला मराठी धड येत नाही, असं सगळं सांगितलं. आताशा सांगण्यासारखं फार उरत नाही. ती विचारते, कुठं आहेस. मी ज्या गावात बस लावलेली असेल त्याचं नाव सांगते. ते गाव तिला माहीत असतंच असं नाही, तरी ती हाव म्हणते. मग आम्ही दोघी काहीच बोलत नाही. तिच्याकडून लिफ्टचा, कुणाच्या तरी चपलांचा आवाज येत राहतो. फोन मात्र लवकर कुणी ठेवत नाही.